हायस्कुलाची घंटा आणि आमची पोरे
(तळेगाव दाभाडे येथे शेतकरी व कारागीर पालकांपुढे केलेले भाषण)

हायस्कुलाच्या जुन्या चालीरीती आणि विद्यार्थ्यांचे जीवन यांवर चार शब्द बोलावे, अशी तुम्ही आम्हांस आज्ञा केली. जुन्या गोष्टी आठवून म्हाताऱ्या माणसास बरे वाटते. पण तुम्ही दिवसभराचे काम टाकून येथे आला आहात, तेव्हा तुमच्या पदरात काही पडले पाहिजे. म्हणून गोड तेही सांगू आणि कडू तेही सांगू.

सरसेनापती खंडेराव दाभाडे व उमाबाई यांच्यामुळे हे गाव सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. शिक्षणाच्या कामीही या गावाचे नाव मोठे आहे. प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली काढलेले समर्थ विद्यालय पुढे येथे आले. सरकारी शाळेचा साचा मोडून आपल्या भाषेत विद्या द्यावी, हाताला कामही शिकवावे, असा त्यांचा हेतू होता. इंग्रज सरकारास ते खपले नाही व १९१० साली शाळा बंद पडली. पुढे नवीन समर्थ विद्यालय या नावाने ते काम पुन्हा उभे राहिले. १९०८ साली येथेच पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेप्रमाणे लोकांकडून एक एक पैसा गोळा करून तो उभारला, आणि तेथे मुलांस काच करण्याचा धंदा शिकविला. गरिबाच्या पैशातून केवढे काम होते, याचा दाखला शोधण्यास तुम्हांस दूर जावे लागत नाही.

आता कडू सांगतो. त्या काळी हायस्कुलाची घंटा वाजली की कोणाची पोरे आत जात? फी भरण्याची ऐपत ज्याची, शहरात राहावयास ज्यास घर, घरी इंग्रजी समजावून सांगणारा ज्यास कोणी, त्याची. कुणब्याचे पोर गुरामागे आणि सुताराचे पोर वाकसापाशी. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले, की सारा भरतो शेतकरी आणि विद्येचा लाभ घेतो दुसरा. मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचेही ज्ञान शाळेत द्या, आणि प्रसंगी नांगर किंवा वाकस हाती धरण्यास न लाजणारे शिक्षक शेतकऱ्यांतूनच तयार करा, असे त्यांचे म्हणणे होते. एवढी वर्षे लोटली, तरी त्यातले एक अक्षरही शिळे झालेले नाही.

ही घंटा आमच्यासाठी वाजू लागली ती फुकट नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली व १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग सुरू केले, तेथे सर्व जातींची पोरे एका पंक्तीस जेवली. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांस फी माफ झाली. त्या माफीनेच आमच्यासारख्यांस हायस्कुलाचा उंबरा दिसला.

आमचे विद्यार्थिजीवन कसे होते, म्हणाल तर ऐका. भल्या पहाटे फडक्यात भाकरी, वर ठेचा, डोक्यावर घोंगडीची खोळ, आणि पुस्तके छातीशी धरून मावळच्या पावसात चालत शाळा गाठायची. पायीची चिखलाची पायताणे वर्गाबाहेर काढायची. घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. पुस्तके वरच्या वर्गातल्या पोराकडून अर्ध्या किमतीत घ्यावयाची व वर्ष सरले की आपणही खालच्या पोरास तशीच द्यावयाची. त्यांच्या कडेला मागच्या मालकाने लिहून ठेवलेले अर्थ आम्हांस शिक्षकाइतकेच उपयोगी पडत. मॅट्रिकच्या वर्षी पोरे रात्री शाळेतच वळकटी टाकून अभ्यास करीत. कंदील एक आणि डोकी दहा. कोणाचा डबा आला नाही तर त्यास उपाशी झोपू देत नसत. तेथे कोणी कोणाची जात विचारली नाही, कारण भूक सर्वांची सारखी होती. स्नेहसंमेलन, लेझीम, प्रभातफेरी हे सर्व होते. पण आमच्या मते त्या शाळेची खरी परंपरा म्हणजे ते अर्ध्या किमतीचे पुस्तक आणि तो वाटून खाल्लेला डबा.

वाईट चालीही होत्या. आषाढात भाताच्या लावणीस पोर घरी राहिले की त्याचा दंड होई. ज्याच्या घरी लावणी नाही, त्यास लावणी म्हणजे काय हे कसे कळावे? शाळा शेतकऱ्यांच्या गावात होती, पण तिचे पंचांग शेतकऱ्याचे नव्हते.

पण शाळेस दोष देऊन आम्ही सुटत नाही. आमची एक धाकटी बहीण होती. आम्ही पाटीवर गणित मांडीपर्यंत ती तोंडी उत्तर देई. सातवी झाली आणि तिची शाळा सुटली. गुरे कोण राखील, पाणी कोण भरील, पोरीस एकटी कशी पाठवावी, असे घरात बोलणे झाले. आम्ही तेव्हा हायस्कुलात होतो. तेथेच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही. आपली शाळा चालू राहते ना, एवढेच आम्ही पाहिले. शाळेची घंटा तिच्या गुरांच्या माळावर ऐकू जाई, हे तिने आम्हांस पुढे अनेक वर्षांनी सांगितले. रागाने नव्हे, सहज सांगितले. तो शब्द आमच्या काळजातून अजून निघालेला नाही. सरकारचा अन्याय, वरच्यांचा अन्याय यांवर आम्ही पुष्कळ भाषणे केली; घरातला अन्याय आम्हीच केला.

म्हणून आजचे सांगतो. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. नववी-दहावी, जेथे खरे हायस्कूल सुरू होते, तेथे कायद्याचा हात सुटतो. जेथे कायद्याचा हात सुटतो तेथे बापाचा हात असला पाहिजे. आज मावळात कारखाने आले, फुलांची काचघरे आली, जमिनीस भाव आला. एकरभर विकून दारात मोटार उभी करणारा गडी पोरास म्हणतो, शिकून काय होणार? बाबा रे, जमीन एकदाच विकता येते. विद्या विकली तरी घरातच राहते.

तेव्हा तीन गोष्टी करा. पालकसभेस जा, बायकोला पुढे बसवा आणि मास्तरास धीटपणे विचारा, पोर कोठे कमी पडते? ज्या घरची मुलगी आठवीनंतर घरी बसली असेल, तेथे शेजाऱ्यांनी जाऊन बोला. जे आम्ही बोललो नाही ते तुम्ही बोला. आणि जे शिकून मोठे झाले, त्यांनी शाळेच्या संमेलनात नुसते फेटे बांधून बसू नये. एका पोराची वह्या-पुस्तके आणि एसटीचा पास आपल्या अंगावर घ्यावा. पैसा पैसा गोळा करून ज्या गावात कारखाना उभा राहिला, त्या गावास हे जड नाही.

आमची बहीण आज आजी आहे. तिची नात यंदा दहावीस बसली आहे. सकाळी शाळेची घंटा वाजली की म्हातारी दारात उभी राहून पोर वळणाआड जाईपर्यंत पाहत असते. बंधुभगिनींनो, तुमच्या दारातून उद्या कोणते पोर निघणार आणि कोणते मागे राहणार, हे आज रात्री घरी जाऊन ठरवा.