एकच हॉल, सगळी कामं: जमतं का?

आज बोलायचंय बहुउद्देशीय हॉलबद्दल. आमचं जवाहरनगर ही ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. इथं काय किंवा भंडारा शहरात काय, क्रीडा संकुलाचा विषय निघाला की मागणी ठरलेली असते: "असा हॉल बांधा, की त्यात सगळंच होईल." खेळ, नाटक, लग्न, सभा. मागणी चुकीची नाही, निधी काही रोज येत नाही. पण हे 'सगळंच' जरा उलगडून बघू.

बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटर. शटल हलकं, म्हणून वाऱ्याची झुळूक चालत नाही. छप्पर उंच लागतं, खाली लाकडी फ्लोअर लागतो. कबड्डीला 13 बाय 10 मीटरची मॅट. ती अंथरली, खेळ झाला, गुंडाळली. इथवर जमतं.

आता त्याच हॉलमध्ये आपलं झाडीपट्टीचं नाटक लावा. उंच छप्पर नि चारही बाजूंना सपाट भिंती, म्हणजे आवाज घुमणार. संवाद मागच्या रांगेत पोचेपर्यंत त्याचा गोंगाट होतो. आणि लग्न लावलं तर? खुर्च्या ओढल्या जातात, पाणी सांडतं, लाकूड फुगतं. लग्नाचं भाडं मिळतं, पण फ्लोअर जातो. मग सकाळी सरावाला आलेल्या पोरींना दाराला कुलूप दिसतं. खरा प्रश्न हा आहे.

कोल्हापूरला हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटला. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले होते. तिथं पाहिलेल्या रोमच्या कलोसियमवरून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. मैदान 1912 मध्ये तयार झालं. मधोमध आखाडा, भोवती चढती बैठक, म्हणजे मागच्यालाही कुस्ती नीट दिसते. नाटकासाठी महाराजांनी त्याच आखाड्यात पडदे नाही लावले. मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर बांधलं, ते 1915 मध्ये सुरू झालं. तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. जागा एक, पण कुस्तीला कुस्तीचं नि नाटकाला नाटकाचं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळालं. वास्तू बांधली की काम संपत नाही, ती रोज सांभाळावी लागते, हे त्या रात्रीनं दाखवलं.

मग आपण काय मागायचं? हॉल खेळासाठीच ठेवा, आणि त्याच आवारात बाहेर एक पक्का खुला रंगमंच द्या. झाडीपट्टीचा प्रेक्षक तसाही मंडपात, जमिनीवर बसून रात्रभर नाटक बघतो. लग्न, सभा तिथंच होतील. आणि हॉलच्या दारावर वर्षाचं वेळापत्रक लावा. सरावाचे दिवस आधी भरा, भाड्याचे नंतर.

तुमच्या गावच्या हॉलमध्ये महिन्यातले किती दिवस खेळ होतो? मोजून बघा, आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.