प्रवाळांचा ज्वर



पोवळें म्हटलें कीं आपणांस मंगळाची आंगठी आठवते. तें तांबडें पोवळें बहुधा भूमध्य समुद्रांतलें. आज ज्यांच्याविषयीं सांगावयाचें आहे तीं प्रवाळें निराळीं. सोनाराच्या तराजूंत त्यांस मोल नाहीं. पण त्यांच्या पाठीवर माणसांचीं गांवें वसलेलीं आहेत.

अरबी समुद्रांतलीं लक्षद्वीप बेटें याच जातीचीं. कांहीं मिलिमीटर आकाराचा मऊ जीव समुद्रजलांतील द्रव्यांपासून चुनखडीचें घर रचतो. तो गेला कीं त्यावर दुसरा आपलें घर बांधतो. हजारों वर्षें ही रास वाढत जाऊन बेटें झालीं.

या जिवाच्या शरीरांत एक सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व भाड्यादाखल त्याचा मोठा हिस्सा यजमानास देतें. प्रवाळाचा रंगही बहुतांशीं या बिऱ्हाडकरूचाच. परंतु उन्हाळ्यांतल्या नेहमींच्या कमाल उष्णतेहून पाणी एखादाच अंश अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतें आणि पारदर्शक मांसाखालचा पांढरा चुना उघडा दिसतो. असें पांढरें पडलेलें प्रवाळ लगेच मेलेलें नसतें. तें उपाशी असतें. पाणी लवकर निवलें तर तें सांवरतें. न निवलें तर मरतें.

लक्षद्वीपांत हें संकट १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ सालीं आलें. हवेंत सांठलेल्या कर्बवायूसारख्या वायूंमुळें पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून राहते, तिच्यापैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक समुद्रच पोटांत घालतो. त्यांत एल् निनोचें वर्ष आलें म्हणजे ज्वर चढतो. आणि दोन ज्वरांमध्यें पुरेसा काळ न गेल्यास रोग्याची शक्ति भरून येत नाहीं.

यांत माणसाचें काय जातें? मिनिकॉयचे कोळी गळानें कुपा धरतात. त्यासाठीं लागणारे जिवंत बारीक मासे प्रवाळांच्या आडोशाच्या उथळ पाण्यांत मिळतात. बेटांची जमीन समुद्रापासून कांहीं मीटरच उंच. पावसाळी लाटांचा जोर बाहेरची प्रवाळभिंतच मोडते. लाटा भिंत रोज झिजवितात आणि जिवंत प्रवाळ ती रोज बांधतें. बांधणारा गेला, तर झीज तेवढी उरते.

लंगर, मैला आणि अतिरेकी मासेमारी आवरून आपण प्रवाळास उसंत देऊं शकतों. ज्वराचें मूळ मात्र जमिनीवरच्या धुरांत आहे, आणि त्या धुरांत आपल्या शहरांचाही वाटा आहे.