शंभर वाद्यं आणि एक मुकी काठी

काहींचा स्वयंपाक उरकला असेल, काहीजणी अजून भाकऱ्या थापत असतील. थापता थापता ऐका, आज गोष्ट सांगायची आहे.

आपल्यातल्या बऱ्याचजणी वारीला जाऊन आल्या आहेत. माउलींच्या पालखीच्या मुक्कामावर समाजआरती होते, ती आठवा. सगळ्या दिंड्या जमलेल्या असतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. मग चोपदार हातातला दंड वर करतात आणि एवढा मोठा गजर एकदम शांत होतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग तेही टाळ थांबतात.

त्या दंडातून काही आवाज निघत नाही. तरी त्याच्यावर हजारो टाळ चालतात. असंच एक काम पाश्चात्त्य संगीतात आहे आणि ते करणाऱ्या एका बाईबद्दल मी आज बोलणार आहे. तिचं नाव मरिन ऑल्सप. राहणारी अमेरिकेची.

आधी तिचं काम समजून घेऊ. तिकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे मोठा वाद्यवृंद असतो. ऐंशी ते शंभर माणसं. व्हायोलिनसारखी तारांची वाद्यं, बासऱ्या, लग्नाच्या बँडमध्ये असतात तसली पितळी वाद्यं, ढोल-नगारे. प्रत्येकापुढे त्याच्या वाद्यापुरता कागद असतो. दुसऱ्याने काय वाजवायचं ते त्यात नसतं. सगळ्यांचं सगळं लिहिलेली वही एकाच माणसापुढे असते, तो म्हणजे कंडक्टर. एसटीचा नाही बरं का! हा कंडक्टर उंच चौथऱ्यावर उभा राहतो, हातात पातळ काठी असते. उजव्या हाताने तो ताल दाखवतो. चार मात्रांचा ताल असेल तर हात खाली, डावीकडे, उजवीकडे, मग वर. डाव्या हाताने सांगतो, तुम्ही जरा हळू, तुम्ही आता या.

खरी गंमत पहिल्या आवाजाच्या आधी असते. दोघींनी मिळून धान्याचं पोतं उचलायचं असलं की आपण आधी श्वास घेतो, मान हलवतो, मग उचलतो. त्या मान हलवण्यावरून दुसरीला कळतं, झटक्यात उचलायचं की हळूच. कंडक्टरचा हात पहिल्या मात्रेआधी तसाच वर जातो. तो हात पाहूनच शंभर माणसांना वेग कळतो आणि जोरही कळतो. स्वतः एकही सूर न वाजवता सगळ्यांकडून वाजवून घ्यायचं, असं हे काम.

हे काम आपल्यालाही अगदीच परकं नाही. जगभर नावाजलेले कंडक्टर झुबिन मेहता हे 1936 साली आपल्या मुंबईत जन्मले. पण पिढ्यान्‌पिढ्या ही काठी पुरुषांच्याच हातात होती.

मरिनचा जन्म 1956 सालचा, न्यूयॉर्कचा. वडील व्हायोलिन वाजवायचे, आई चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनसारखंच, पण गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य. मरिन नऊ वर्षांची असताना वडील तिला एका कार्यक्रमाला घेऊन गेले. लेनर्ड बर्नस्टाइन नावाचे मोठे कंडक्टर तिथे होते. ते उड्या मारत, हसत, प्रेक्षकांशी बोलत वाद्यवृंद चालवत होते. पोरीने ठरवून टाकलं, मला हेच व्हायचं. तिने व्हायोलिनच्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, हे मुलींचं काम नाही.

घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं. वडील भांडायला गेले नाहीत, भाषणही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्यापुढे एक लाकडी पेटी ठेवली. पेटीत कंडक्टरच्या काठ्या होत्या. आयुष्यभर ती हा प्रसंग सांगत आली आहे.

काठी मिळाली, पण रस्ता मिळाला नाही. ज्युलियार्ड नावाच्या नामवंत संगीत विद्यालयातून ती व्हायोलिन शिकून बाहेर पडली. कंडक्टरच्या शिक्षणासाठी मात्र तिथे तिला पुन्हा पुन्हा नकार मिळाला. या विद्येची एक अडचण आहे. व्हायोलिन असेल तर घरी बसून सराव करता येतो. कंडक्टरला सरावाला शंभर माणसं लागतात. कुणी उभंच केलं नाही तर शिकणार कशी? सायकल हातात न देता पोरीला सायकल येत नाही म्हणावं, तशातली गत.

मग तिने स्वतःचाच वाद्यवृंद उभा केला. 1984 साल होतं, नाव ठेवलं कॉन्कॉर्डिया. तोमिओ ताकी नावाच्या जपानी उद्योजकाने त्याला पैशाचा हात दिला. तिथे ती हात चालवून चालवून शिकली. पुढे 1988 आणि 1989 च्या उन्हाळ्यांत टँगलवूड इथल्या शिबिरात तिला गुरू मिळाले, ते कोण? तेच बर्नस्टाइन, लहानपणी पाहिलेले.

1993 साली डेन्व्हर शहरातला कोलोराडोचा वाद्यवृंद तिच्याकडे आला. आता या डेन्व्हरची एक जुनी गोष्ट ऐका. मरिनच्या कितीतरी आधी अँटोनिया ब्रिको नावाची बाई होऊन गेली. 1902 चा जन्म, परक्या घरात वाढलेली पोर. बर्लिनला जाऊन ती हे काम शिकली. 1930 साली तिने बर्लिनचा नामांकित वाद्यवृंद चालवला, 1938 साली न्यूयॉर्कचा. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण कायमची जागा कुणी दिली नाही. शेवटी ती डेन्व्हरला राहिली, शिकवण्या केल्या, हौशी वादकांना घेऊन कार्यक्रम करत राहिली. अंगात विद्या असूनही मोठ्या वाद्यवृंदाची गादी तिला मिळाली नाही.

सख्यांनो, मला ही गोष्ट फार लागते. एक बाई पुढे गेली म्हणजे रस्ता झाला, असं आपल्याला वाटतं. पण एकटीच्या पावलांनी पडलेली पाऊलवाट एका पावसाळ्यात गवताखाली जाते. मागून चालणाऱ्या असल्या तरच ती वाट राहते.

हे मरिनने ओळखलं. 2005 साली बाल्टिमोर शहराच्या वाद्यवृंदाची प्रमुख म्हणून तिची निवड झाली. अमेरिकेतल्या इतक्या मोठ्या वाद्यवृंदाच्या प्रमुखपदी त्याआधी एकही बाई नव्हती. पण बातमी फुटली आणि वादकांनीच जाहीर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, निवड घाईने झाली, आम्हाला अजून माणसं बघायची होती. मंडळाने तरी तिलाच नेमलं. तिच्या जागी आपण असतो तर? काहीजणी रडून घरी बसल्या असत्या. काहीजणींनी पदर खोचून भांडण काढलं असतं. ती वादकांना जाऊन भेटली, समोर उभी राहून बोलली. या वाद्यवृंदाचं पुढे काय करायचं ते सांगितलं. मघाशी ती टाळ न थांबवणारी दिंडी सांगितली ना, तिच्याकडे चालत जाण्यासारखंच हे. 2007 मध्ये तिने काम हाती घेतलं आणि 2021 पर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, त्याच वादकांना घेऊन ते केलं.

लंडनमध्ये 1895 पासून प्रॉम्स नावाचा संगीताचा मोठा उत्सव भरतो. त्याच्या शेवटच्या रात्रीचा कार्यक्रम फार मानाचा. तो चालवायला पहिली बाई उभी राहिली 2013 मध्ये. ती मरिनच.

मला तिचं सगळ्यांत मोलाचं वाटणारं काम मात्र वेगळं आहे. 2002 साली, म्हणजे हे मोठे मान मिळण्याच्या आधीच, तिने तरुण बायांना कंडक्टर म्हणून घडवण्यासाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली. ज्या ताकींनी मदत केली होती, त्यांचंच नाव तिला दिलं. या मुलींना ती नुसतं शिकवत नाही. स्वतः चालवते त्या वाद्यवृंदापुढे त्यांना उभं करते, ओळखी करून देते. तिच्या हाताखालून गेलेल्या कॅरोलिन क्वान आणि मेई-आन चेन पुढे स्वतः वाद्यवृंदांच्या प्रमुख झाल्या. बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीत विद्यालयात 2015 पासून कंडक्टर घडवण्याच्या विभागाची जबाबदारीही तिच्याकडे आली.

शिकवताना ती एक गोष्ट उघड बोलते. पुरुषाने हात नाजूक हलवला तर लोक म्हणतात, काय हळवा माणूस! बाईने तोच हात तसाच हलवला तर म्हणतात, हिच्यात जोर नाही. आणि तिने जोरात हलवला तर म्हणतात, फारच उर्मट. म्हणून हात कसा दिसतो, उभं कसं राहायचं, माफी मागितल्यासारखा चेहरा न करता आपलं म्हणणं कसं दाखवायचं, हे ती मुलींकडून घोटून घेते. ग्रामसभेत बोलायला उठलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक काम सांगते. 2005 मध्ये तिला मॅकआर्थर नावाचा मोठा सन्मान मिळाला, सोबत पैसेही. त्यातले एक लाख डॉलर तिने बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतल्या मुलांना वाद्यं शिकवायला दिले. 2008 मध्ये एका शाळेतल्या 30 मुलांपासून सुरुवात झाली. पुढे शाळा वाढल्या आणि मुलांची संख्या हजाराच्या वर गेली.

आता आपल्या गटाकडे येऊ. मी सहा-सात वर्षं गटांचं समन्वयाचं काम करते. चांगल्या चाललेल्या गटांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. अध्यक्षताई हुशार, सचिवताई हुशार. बँकेत त्याच जातात, अर्ज त्याच भरतात, प्रभागसंघात त्याच बोलतात. बाकीच्या आठजणी अंगठा किंवा सही करून उठतात. पदाधिकारी बदलायची वेळ आली की सगळ्या एका सुरात म्हणतात, ताईच राहू द्या, आम्हाला नाही जमत. ताईंनाही ते गोड वाटतं. मग ताईंची सून बाळंत होते, किंवा ताईंचा पाय मोडतो. गटाची बैठक थांबते, हप्ता थकतो, बँक पुढचं कर्ज अडवते. चार वर्षांत उभा केलेला गट चार महिन्यांत बसतो.

जमत नाही म्हणणाऱ्या बाईला आपण कधी काठी हातात दिली आहे का? मरिनलाही अनुभव नाही म्हणून नकार मिळत होते आणि नकारांमुळे अनुभव मिळत नव्हता. आपल्या गटातल्या शांता, सुमन, रुक्साना यांचंही तेच होतं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी तीन कामं सांगते. पहिलं, बँकेत जाताना दर वेळी एक नवी बाई सोबत न्या. पैसे भरायची स्लिप तिलाच भरू द्या, ताईंनी बाजूला उभं राहायचं. दुसरं, इतिवृत्त लिहायची पाळी लावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बैठक चालवायची, विषय काढायचा, प्रत्येकीला बोलायला लावायचं. त्याला अक्षरं लागत नाहीत, सगळ्यांकडे बघणारी नजर लागते. तिसरं, एखादी बाई कुरकुर करत असेल तर तिला गप्प बसवू नका. तिचं टाळ का वाजतंय ते विचारा.

आणि घरात नऊ वर्षांची पोर काही होईन म्हणाली, ट्रॅक्टर चालवीन म्हणाली, ढोल वाजवीन म्हणाली, तर "मुली असलं करत नाहीत" हे वाक्य तोंडातच ठेवा. जमेल तर तिच्या हातात काहीतरी द्या. ढोलाची टिपरी चालेल, पाना-पक्कडही चालेल.

तुमच्या गटात कुणाच्या हातात पहिल्यांदा काठी आली, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या खेपेला त्यांची नावं रेडिओवरून वाचून दाखवू. भाकऱ्या झाल्या असतील, आता जेवून घ्या. नमस्कार.