पावसाळी आकाश आणि वैमानिकाचा नकार
(कोल्हापूर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैमानिक आणि खराब हवामान हा आजचा विषय आपल्यापैकी काहींना दूरचा वाटला असेल. पंचायतीच्या सदस्याला, शाळेच्या मुख्याध्यापकाला अथवा तहसील कचेरीतील अधिकाऱ्याला विमान चालवावयाचे नसते. परंतु येणाऱ्या हेलिकॉप्टरची वाट पाहत, हारतुरे सांभाळीत, आपण सर्वच केव्हा ना केव्हा मैदानात उभे राहिलो आहोत. वैमानिक पुढे जातो की परत फिरतो, या निर्णयात आपलाही नकळत हात असतो. तो कसा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या कोल्हापुराला विमान नवे नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १० मार्च २०२४ रोजी त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. हा माळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर आहे. पश्चिमेस जोतिबा व पन्हाळ्याचे डोंगर आणि त्यापलीकडे गगनबावड्याचा घाट. आषाढ-श्रावणात ढग या डोंगरमाथ्यांवर येऊन टेकतात. शहरात ऊन पडलेले असावे आणि घाटात हाताचे अंतर दिसू नये, हा अनुभव येथील प्रत्येकाच्या गाठी आहे. जमिनीवर त्याचे काही वाटत नाही. आकाशातून येणाऱ्याला मात्र त्या दहा-वीस मैलांतच सर्व काही ठरवावे लागते.

या देशातील नियमित हवाई टपालाची कथाही पावसाशी निगडित आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून निघून, अहमदाबादमार्गे, एका लहानशा पस मॉथ विमानातून मुंबईस जुहूच्या मैदानावर टपाल आणले. तेथून पुढे ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. तेव्हा या मंडळींनी काय केले? पावसाळ्यापुरते आपले बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवड्यास नेले. पश्चिम घाटावरच्या पावसाळी वादळांतही या सेवेने टपाल चुकविले नाही, अशी प्रशंसा पुढे सरकारी अहवालात झाली. आपण असे काही वाचले की वैमानिकाच्या छातीची वाखाणणी करतो. मला मात्र त्या बिऱ्हाड उचलण्याचे अधिक कौतुक वाटते.

आकाशात पाऊस आणि ढग यांनी वेढल्यावर माणसाच्या इंद्रियांवर विसंबता येत नाही. क्षितिज दिसेनासे झाले की विमान सरळ आहे की कलले आहे, हे शरीराला कळत नाही. वैमानिक त्या वेळी समोरच्या यंत्रांवर विश्वास ठेवतो. उतरताना एक किमान उंची ठरलेली असते. तेथपर्यंत धावपट्टी अथवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुन्हा वर चढावयाचे, असा नियम आहे. याला वैमानिकांच्या भाषेत गो-अराउंड म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला हे करता येते तोच उतरण्यास लायक, असे या व्यवसायाचे शिक्षण सांगते.

अनुभव मात्र येथे दुधारी असतो. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे एक प्रवासी विमान मुंबईकडे येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ९४ जण मरण पावले. आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ आलो आहोत, या समजुतीने वैमानिकाने वेळेपूर्वीच खाली येण्यास आरंभ केला होता. अंधारात त्याला सह्याद्री दिसला नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि आपल्या मनाला अधिक लागणारे आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या काळात, दुबईत अडकलेल्या प्रवाशांना घेऊन एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान केरळातील कोळीकोडला आले. कॅप्टन होते दीपक साठे, मूळ नागपूरच्या कुटुंबातले. वायुदलात त्यांनी प्रदीर्घ सेवा केलेली, उड्डाणाचा अनुभव १० हजार तासांहून अधिक. कोळीकोडची धावपट्टी पठारावरची, टोकाला उतार. पाऊस मुसळधार. पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही, तेव्हा ते नियमाप्रमाणे वर चढले. त्यांच्या बाजूच्या काचेवरील पाणी पुसणारा वायपरही बंद पडला होता. दुसऱ्या वेळी ते विरुद्ध बाजूने आले. आता वारा पाठीमागून, सुमारे १४ नॉट वेगाचा. धावपट्टीची जवळजवळ निम्मी लांबी मागे पडल्यावर चाके टेकली. विमान टोकावरून खाली कोसळून दुभंगले. त्यातील १९० जणांपैकी २१ जणांचा अंत झाला. दोन्ही वैमानिक त्यांत होते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने दोष स्पष्टपणे नोंदविला आहे: उतरण्याची रीत पाळली गेली नाही, आणि पुन्हा वर चला असे सहवैमानिकाने सांगूनही तसे घडले नाही. सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घ्यावयास हवे होते, तेही त्याने केले नाही. पण अहवाल येथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनना न्यावयाचे होते. कोळीकोडला कॅप्टनांची संख्या अपुरी होती. विमान अन्यत्र वळविले असते तर सकाळचे वेळापत्रक विस्कटले असते. कचेरीत कुणीतरी आखलेला कामाचा तक्ता त्या पावसात वैमानिकाच्या शेजारी बसलेला होता, असे मला वाटते. अनुभवी माणसावर याचा भार अधिक पडतो, कारण 'हे काम हाच निभावून नेईल' असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हळूहळू तोही तसे धरू लागतो.

आपल्याकडे एस.टी.चा चालक पुलावर पाणी पाहून गाडी उभी करतो. मागून आवाज येतो, "चला की हो मामा, एवढंसं तर पाणी हाय!" चालक खाली उतरून विडी पेटवितो आणि ऐकत नाही. त्याला गाडीतल्या पन्नास जणांची नाराजी समोर दिसत असते. वैमानिकाला ती दिसत नाही, फक्त दूरध्वनीवरून कळते.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत ती अधिक कळते. तात्पुरत्या हेलिपॅडवर दिवे नसतात, उतरण्यास मार्गदर्शन करणारी यंत्रे नसतात. खुणेचे एच अक्षर, वाऱ्याची दिशा दाखविणारा धूर आणि वैमानिकाचे डोळे. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी एका नव्या कार्यक्रमाच्या शुभारंभासाठी हैदराबादहून चित्तूरकडे निघाले आणि नल्लमलाच्या जंगलात त्यांच्यासह पाचही जण मृत्युमुखी पडले. यंत्रातील एका इशाऱ्याचा उलगडा करण्यात वैमानिकांचे लक्ष गुंतले आणि समोरच्या वादळी ढगांपासून दूर वळणे राहून गेले, असे चौकशीत आढळले.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडील एका गावी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. पाहुणे हेलिकॉप्टरने यावयाचे होते. प्रसिद्धीची जबाबदारी माझी. मुले सकाळी आठपासून रांगेत बसलेली, पत्रकार घड्याळ पाहणारे. मी तासाभरात चार वेळा दूरध्वनी केला. चौथ्या वेळी पलीकडून विचारणा झाली, तिकडे हवामान कसे आहे? मी मंडपाच्या दाराशी उभा होतो. ऊन पडले होते. मी सांगितले, आकाश अगदी मोकळे आहे. पश्चिमेच्या डोंगराकडे मी मान वळवूनही पाहिले नव्हते.

हेलिकॉप्टर निघाले आणि वाटेतूनच परत फिरले. गर्दीत कुणी म्हणाले, वैमानिक नवखा असावा. मीही मनातून तेच म्हटले. पाहुणे दुसऱ्या दिवशी मोटारीने आले. त्यांच्यासमवेतच्या अधिकाऱ्याकडून कळले की तो वैमानिक सैन्यात वीस वर्षे काढून आलेला होता, आणि डोंगरापाशी त्याला ढगाखाली वाट मिळाली नव्हती. माझ्या निरोपामुळे तो त्या डोंगरापर्यंत आला होता, हे कुणी बोलून दाखविले नाही.

तेव्हापासून पावसाळ्यातील कार्यक्रमपत्रिकेत मी मोटारीचा मार्ग व वेळ आधीच लिहून ठेवतो, आणि पाहुणे न आल्यास दीपप्रज्वलन कोण करील तेही संयोजकांकडून ठरवून घेतो. हवामानाची विचारणा झाली की बाहेर मोकळ्यावर जातो, कोणता डोंगर माथ्यापर्यंत दिसतो आणि कोणता दिसत नाही ते पाहतो, आणि तेवढेच कळवितो.