गारठ्यातील आंबट पाण्याचे रहिवासी

(पारनेर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या पिकावर रात्री फडके पसरावे, सकाळी ते पिळून आंब धरावी, ही रीत आपल्याला नवी नाही. त्या आंबेत मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. गारठा आणि आंबटपणा या दोहोंचा उपयोग आपण अन्न टिकविण्यासाठी करतो. साहजिकच, जेथे ही दोन्ही एकत्र आली तेथे जीवजंतूंचा निभाव लागणार नाही, असे आपण धरून चालतो. ही समजूत पुरती खरी नाही.

मातीपरीक्षणामुळे ‘सामू’ हा शब्द आता शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. ७ हा सामू उदासीन. त्याखाली एकेक अंक उतरताना आम्लता दहापट वाढते. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असतो. इटलीतील फ्रासास्सी गुहांत भिंतींवरून शेंबडासारखे लोंबणारे बुळबुळीत पुंजके आहेत. (उपमा किळसवाणी खरी, पण शास्त्रज्ञांनीही त्यांना तशाच अर्थाचे नाव दिले आहे.) त्यांतून ठिबकणाऱ्या थेंबांचा सामू ० ते १, आणि गुहेतील हवा आपल्या पौषातील पहाटेसारखी गार. तरीही ते पुंजके जिवंत जीवाणूंचे आहेत. गुहेतील गंधकयुक्त वायूवर त्यांचा निर्वाह चालतो आणि भोवतीचे आम्लही तेच निर्माण करतात.

त्यांचे काही भाऊबंद खाणींत आढळतात. दगडी कोळशात व धातूंच्या खनिजांत लोहमाक्षिक, म्हणजे लोखंड व गंधक यांचे संयुग असते. खाण खणली की त्याला हवापाणी लागते आणि गंधकाम्ल तयार होऊ लागते. हे काम जीवाणू कितीतरी वेगाने करतात, आणि त्यांपैकी पहिला ओळखला गेला तो १९४७ साली, कोल्मर व हिंकल या अमेरिकी संशोधकांकडून. २०१० साली याच कुळातील एका जीवाणूला ‘लोह गिळणारा’ अशा अर्थाचे नाव मिळाले. तो ४ अंश सेल्सिअसलाही वाढू शकतो. म्हणून ‘हिवाळ्यात ही क्रिया आपोआप थांबेल’ हा हिशेब चुकतो. ती मंदावते, एवढेच.

हे साधते कसे? पेशीच्या आत सामू जवळजवळ उदासीनच असतो. आम्ल आत शिरू न देणारे आवरण हे त्यांचे खरे कवच. मात्र थंडीत ते आवरण ताठरता कामा नये. डब्यातील तूप गारठ्याने थिजते, करडईचे तेल वाहते राहते. थंडीत राहणारे जीवाणू आपल्या आवरणात तेलासारखी स्निग्ध द्रव्ये अधिक ठेवतात.

या क्षुद्र जीवांच्या उद्योगाचे मोल माणसाला मोजावे लागते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणींमुळे नद्यांचे पाणी आम्लयुक्त झाले. आसामच्या सीमेवरील कोपिली जलविद्युत केंद्राची यंत्रेदेखील अशा पाण्याने झिजली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली तेथील उंदरांच्या बिळांसारख्या अरुंद खाणींवर बंदी घातली. परंतु खाण बंद झाली म्हणून जीवाणू काम सोडीत नाहीत. उघडे पडलेले लोहमाक्षिक संपेपर्यंत किंवा त्याचा हवापाण्याशी संबंध तुटेपर्यंत आम्ल झिरपतच राहते. चुना घालून ते मारावे लागते, आणि तो खर्च वर्षानुवर्षांचा असतो.

आपल्या तालुक्याचा खडक बेसाल्टचा आणि जमिनीत चुनखडीचे खडे. त्यामुळे असे पाणी आपल्याकडे सहसा निर्माण होत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगेसुद्धा आम्लाने नव्हे, तर पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी कोरले आहेत. शिक्षकांनी सहलीच्या वेळी मुलांना हे आवर्जून सांगावे.

पंचायत सदस्यांना एक विनंती. आम्लयुक्त पाणी पुष्कळदा काचेसारखे नितळ दिसते, तेव्हा डोळ्यांच्या साक्षीवर विसंबू नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. विहिरीचे पाणी तपासून घेताना सामूचा आकडा मागून घ्यावा, आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा.