दलदलीतील शोला कोणाची?



बंगालमध्ये नवरदेवाच्या मस्तकावर जो शुभ्र, उंच ‘टोपोर’ चढतो, तो शोला नावाच्या रानटी पाणवनस्पतीच्या गाभ्याचा असतो. बंगाल, आसाम व ओडिशातील पाणथळींत आणि तुंबलेल्या भातखाचरांत ही वनस्पती पावसाळ्यात न पेरता उगवते. तिची तपकिरी साल सोलली की आत पांढराशुभ्र, अत्यंत हलका गाभा मिळतो. धारदार सुरीने त्याचे कागदासारखे पापुद्रे काढून मालाकार कारागीर फुले, मुकुट आणि दुर्गेचा साज घडवितात. पुरीच्या रथयात्रेत जगन्नाथाच्या शिरावर डोलणाऱ्या ‘टाहिया’लाही हाच गाभा लागतो. मासेमार त्याचे तुकडे जाळे तरंगते ठेवण्यासाठी बांधीत आले. महाराष्ट्रात अशा गाभ्याला भेंड म्हणतात. बाशिंगे त्याचीच होत.

गोऱ्या साहेबाची उन्हाळी टोपीही याच गाभ्याची. तिचे ‘सोला’ हे नाव सूर्यावरून नव्हे, या वनस्पतीवरून पडले. साहेबाच्या डोक्यावर सावली धरणारा हा गाभा ज्याने पाण्यात उभे राहून उपसला, त्याची दखल मात्र कोणी घेतली नाही.

पुढे खनिज तेलापासून बनलेला थर्माकोल आला. तो स्वस्त होता आणि कुजत नव्हता. महाराष्ट्रात गणपतीची मखरे त्याची झाली. बंगालमध्ये त्याने मालाकाराच्या हातचे काम ओढून घेतले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली.

परंतु बंदीने थर्माकोल हटला, तरी तेवढ्याने शोला परत येत नाही. पाणथळी बुजवून इमारती उठतात, भातखाचरांत तणनाशके फवारली जातात. जमीनधारकाच्या हिशेबी जे तण, तोच मालाकाराचा कच्चा माल. आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणावरच नाही.

सन्मानपत्रे आणि प्रदर्शने यांनी हा प्रश्न सुटणार नाही. शोला वर्षातून एकदाच, पावसाळ्याअखेर हाती येते. त्या वेळी गाठीला रोख पैसा नसेल, तर कारागिराला व्यापाऱ्याच्याच उधारीवर वर्ष काढावे लागते आणि भावही व्यापारीच ठरवितो. म्हणून उपसणारे व घडविणारे यांची एकच सहकारी संस्था हवी, हंगामापूर्वी तिला बिनव्याजी भांडवल हवे आणि गावच्या पाणथळीवर तिचा कायदेशीर हक्क हवा. पर्यावरणाचे रक्षण आणि श्रमिकाची भाकरी या दोन वेगळ्या लढाया नाहीत, हे ध्यानी घेऊनच ही मागणी पुढे रेटली पाहिजे.