मागच्या बाकावरचा विद्यार्थी

(सीताबर्डी येथे शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हे भाषण मी केले तेव्हा समोर शिक्षक होते, पालक होते. ज्यांच्याविषयी बोलत होतो ते विद्यार्थी मात्र जवळजवळ नव्हतेच. ते अशा सभांना येतच नाहीत. म्हणून स्मरणिकेसाठी मजकूर मागितला गेला तेव्हा मला आनंद झाला. पान वाचायला चार माणसांत उभे राहावे लागत नाही.

बर्डीवर येताजाता व्हरायटी चौकातला गांधीजींचा पुतळा आपण रोज पाहतो. 1920 च्या डिसेंबरात याच नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यांच्या असहकाराच्या ठरावावर तेथे शिक्कामोर्तब झाले. पण हेच गांधी 1891 साली बॅरिस्टर होऊन परतले, मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या बाईंचा खटला घेऊन उभे राहिले, आणि उलटतपासणीसाठी त्यांच्या तोंडून एक प्रश्नही निघाला नाही. डोके गरगरले, ते खाली बसले. तीस रुपये फी परत करून खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगून ते कोर्टातून निघून गेले. आत्मकथेत त्यांनी हे काहीही न लपवता लिहिले आहे.

पुढे काय झाले ते आपल्या समाजातल्या मुलांना आवर्जून सांगावे असे आहे. 1893 मध्ये दादा अब्दुल्ला शेठांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. वाटेत आगगाडीतून उतरवले गेले, मार खाल्ला. प्रिटोरियाला पोचल्यावर तेथील हिंदी लोकांची सभा त्यांनी स्वतःच बोलावली. ती भरली शेठ हाजी मुहम्मद हाजी जुसब यांच्या घरी आणि सभेला बहुतेक मेमन व्यापारी होते. आयुष्यातले पहिले जाहीर भाषण त्यांनी तेथे केले. विषय होता व्यापारातील सचोटी! कोणी त्यांना "बोल, बोल" म्हणून पुढे ढकलले नव्हते. सांगण्यासारखे काही त्यांच्याजवळ होते, म्हणून ते उभे राहिले. आणि भीती पार गेली असेही नाही. बुजरेपणा पूर्णपणे कधीच गेला नाही, हेही त्यांनीच नोंदवले आहे.

आता आपल्या वर्गाकडे या. हजेरीला "हजर" म्हणताना ज्याचा घसा सुकतो, तोंडी परीक्षेच्या दिवशी ज्याच्या पोटात दुखते, फी भरायच्या खिडकीवर कारकुनाशी बोलावे लागेल म्हणून जो मुदत चुकवतो, असा विद्यार्थी तुमच्याकडे आहे. साधा लाजाळूपणा निराळा. लोक आपल्याला हसतील, नावे ठेवतील ही भीती महिनोन्‌महिने राहिली आणि तिच्यापायी शिक्षणच अडू लागले, की मानसतज्ज्ञ त्याला सामाजिक चिंतेचा विकार म्हणतात. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला कॉलेजात मराठी-इंग्रजी बोलावे लागते, तेव्हा या भीतीत भाषेचे ओझे मिसळते, आणि आपण म्हणतो, मुलगा मंद आहे.

मी स्वतः एक मोठी चूक केली आहे. एका हुशार पण अबोल मुलाला, भीड चेपावी म्हणून, संमेलनाच्या व्यासपीठावर जबरदस्तीने उभे केले. दोन वाक्ये झाली, तिसरे आलेच नाही. मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात आला नाही. घरी गेलो तर त्याचे अब्बा म्हणाले, "सर, तो दुकानातच बरा आहे." माझा हेतू चांगला होता, पण त्याचे वर्ष गेले.

त्यानंतर मी वाचू लागलो. विल्यम मिलर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनात अडकलेल्यांवर उपचार करीत. नॉर्वेत तरुण सहकाऱ्यांनी त्यांना खोदून विचारले, की तुम्ही रुग्णाशी नेमके बोलता तरी कसे? त्या चर्चेतून 1983 साली त्यांचा लेख आला आणि 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह ग्रंथ. या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. आपण 'प्रेरक संवाद' म्हणू. तिचे मर्म असे, की बदलावे आणि बदलू नये, दोन्ही इच्छा माणसाच्या मनात एकाच वेळी नांदत असतात. तुम्ही "बदल" म्हणून जोर लावला, की तो आपोआप दुसरी बाजू मांडू लागतो, आणि स्वतःचीच वकिली ऐकून तिथेच पक्का होतो. म्हणून बदलाची बाजू त्याच्याच तोंडून निघू द्यायची.

एका मुलीशी झालेले बोलणे सांगतो. आधी तिला विचारले, "याविषयी बोललं तर चालेल का?" तिने मान हलवली.

"सर, तोंडी परीक्षा मी देत नाही. लेखीत भरून काढीन."

"म्हणजे ती टळली, की सुटल्यासारखं वाटतं."

"हो. पण मग रात्रभर तेच डोक्यात राहतं."

हा 'पण' कान देऊन ऐकावा. माझ्या जिभेवर "अगं, घाबरायचं काय त्यात" हे वाक्य आलेच होते, गिळले. विचारले, "बोलता येणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांग."

"सहा."

"तीन का नाही म्हणालीस?"

येथे बहुतेक जण "दहा का नाही?" असे विचारतात आणि पोराकडून सबबींची यादी घेऊन बसतात. तीन का नाही, असे विचारले की तो कारणे शोधतो ती बदलाची. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अम्मीला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मला सगळं पाठ होतं. मी बोललेच नाही. मामूंनी चुकीचं सांगितलं."

यावर मी काय उपदेश करणार होतो? पहिली पायरी कोणती, ते तिनेच ठरवले. बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात मैत्रिणीला न पाठवता स्वतः किंमत विचारायची.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा संवाद म्हणजे उपचार नव्हे. उपचाराच्या दारापर्यंतची ती वाट आहे. 2009 मध्ये ज्युलिया बकनर आणि नॉर्मन श्मिट यांनी, ही चिंता असूनही उपचार न मागणाऱ्या 27 जणांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्याशी अशा तऱ्हेच्या बैठका झाल्या, त्यांच्यातले अधिक जण पुढे उपचारासाठी गेले. प्रयोग लहान, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. खरा उपचार म्हणजे विचारांची फेरतपासणी आणि भीतीला थोडे थोडे सामोरे जाणे. गरज पडली तर औषधही. त्यासाठी तज्ज्ञच हवा. 2022 च्या ऑक्टोबरपासून टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे. फोनवर बोलणेच ज्याला जड जाते, त्याच्याजवळ पहिल्या वेळी तुम्ही बसा. पण त्याला विचारून.

आणि ही हातचलाखी समजू नका. गोड प्रश्न विचारून आपल्याला हवे ते वदवून घेतले, तर मुलांना ते लगेच कळते. "आत्ता नको" म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे.

त्या मुलीने तोंडी परीक्षा दिली. आवाज कापत होता, असे तीच म्हणाली. अम्मीबरोबर ती पुन्हा दवाखान्यात गेली, तेव्हा गोळ्यांची नावे चिठ्ठीवर लिहून नेली होती. चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्यायची असे ठरवले होते. दिली नाही; हातात घट्ट धरून वाचून दाखवली.